आता आमच्या घरात कुणी पायडल मारणार नाय

मी इंजिनिअरिंग पास झाले त्या दिवशी अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गल्लीत पेढे वाटले आणि भंगारवाल्याला बोलावून घेतलं. त्याला आधीच सांगून ठेवलेलं होतं, हे मला नंतर कळलं. अख्खी गल्ली पेढा चघळत बघत असताना अप्पांनी स्वतःची सायकल उचलून त्याच्या हातगाड्यावर चढवली. भंगारवाल्यानं सवयीनं तराजू काढला तर म्हणाले, "मोजू नको. ने." मग हात झटकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता आमच्या घरात कुणी पायडल मारणार नाय."

टाळ्या वाजल्या नाहीत, पण वाजल्या असत्या तरी शोभल्या असत्या.

सोयगाव तालुक्यातलं वावर भावाच्या हवाली करून अप्पा वाळूजला कंपनीत हेल्पर म्हणून लागले, तेव्हापासून तिन्ही शिफ्टा त्यांनी त्याच सायकलवर केल्या होत्या. आमचं घर पडेगावला. गल्ली अशी की तोंडापासून शेवटच्या घरापर्यंत नुसता चढ, आणि शेवटाच्या थोडं अलीकडे आम्ही. शिफ्ट करून आलेले अप्पा गल्लीच्या तोंडाशीच उतरायचे आणि सायकल हातात धरून घरापर्यंत यायचे. लहानपणी मला वाटायचं, सायकल घरी आणायची रीतच तशी असते.

घोषणेनंतर मोपेड आली. शब्द पाळला गेला. गल्लीतल्या कुणाला विसर पडू नये म्हणून अप्पा तो अधूनमधून आठवणीनं सांगतही राहिले.

आता जरा माझ्याविषयी. आमच्या खानदानात पहिली ग्रॅज्युएट मी. हे मी मिरवते, आणि का मिरवू नये? ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबा शिकलेले असतात, त्यांना ते मिरवावं लागत नाही. ते त्यांच्या बोलण्याच्या चालीतच असतं. आमच्याकडे पहिल्या ग्रॅज्युएटला खानदानाची सगळी खाती एकदम मिळतात. चुलत्याच्या रक्ताचा रिपोर्ट मोबाइलवर येतो, "बघ बरं, काय लिवलंय?" मी मेकॅनिकलची आहे, हे सांगून उपयोग नसतो. टीव्ही लागत नाही, मला फोन. बोअरला पाणी लागेल का, मला फोन. एकदा आत्यानं म्हशीचा फोटो पाठवला होता. मी उत्तर दिलं, आणि म्हैस बरी झाली. त्यामुळं तर माझी अडचण जास्तच वाढली.

अप्पांनी ज्या कंपनीत माल उचलला, तिच्या शेजारच्याच कंपनीत मी क्वालिटीला आहे. आमच्याकडं गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनतात. माझं काम म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंना नावं ठेवायची आणि पटलं नाही की 'रिजेक्ट'चा लाल स्टिकर चिकटवायचा. या कामाचा पगार मिळतो, हे आत्याला अजून खरं वाटत नाही. ती हे काम जन्मभर फुकट करत आली आहे. ब्रेकच्या चकतीला कुणी उघडं बोट लावलं तरी मी ती बाजूला काढायला लावते. बोटाला तेलकटपणा असतो, तो चकतीवर बसतो, तिथून पॅडमध्ये जातो, आणि ब्रेक कामातून जातो. हे मी नव्या पोरांना इतक्या वेळा सांगितलंय की ती मला मागं काय म्हणतात, तेही मला माहीत आहे.

पण नावं ठेवून ठेवून माणसाला कंटाळा येतो. मी स्वतः बनवलेली, हात लावून दाखवता येईल अशी वस्तू जगात कुठंच नव्हती. आणि मला डोंगरात सायकल चालवायची होती. का, हे विचारू नका. ज्याला लहानपणी सायकल मिळाली नाही, त्याला हे सांगावं लागत नाही, आणि ज्याला मिळाली त्याला कळत नाही.

शहागंजातल्या दुकानात गेले. माझी उंची बेताची. तिथल्या चांगल्या सायकली सगळ्या सहाफुटी पुरुषांसाठी बनवल्यासारख्या. दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि गुलाबी रंगाची, पुढं टोपली असलेली सायकल ओढून आणली.

"आपा, लेडीज में येच है. बास्केट फ्री."

"डोंगरावर चालंल का ही?"

"डोंगर पे कायकू जाना? सब्जी तो नीचेच मिलती."

मी तिथून तडक निघाले. ब्लाउज मापाचा शिवून मिळतो, तर सायकल का नाही? आणि मग ठरलं. फ्रेम स्वतः काढायची, स्वतःच्या मापाची. पुढं शॉकअप, मागं काही नाही, जाड टायर, चकतीचे ब्रेक. अशा सायकलला हार्डटेल म्हणतात. मागची बाजू कडक, म्हणून.

वेल्डिंगला मामा होते. आईचे धाकटे भाऊ. वाळूज रस्त्याला त्यांचं गेट-ग्रिलचं दुकान आहे. शहरातल्या निम्म्या बंगल्यांच्या गेटावरचा मोर आपला, असं ते सांगतात, आणि मोरांकडं बघितलं तर पटतंही. सगळे मोर मामांसारखेच पोट पुढं काढून उभे आहेत. स्टीलच्या रेलिंगसाठी त्यांनी आर्गन वेल्डिंगचं मशीन घेतलेलं होतं. मला तेच हवं होतं, पातळ पाइप त्यानंच न जळता जुळतात.

मी ड्रॉइंग नेलं. मिलिमीटरच्या पॉइंटापर्यंत मापं टाकलेलं. मामांनी ते टेबलावर पसरलं आणि त्यावर चहाचा ग्लास ठेवला. नंतर ग्लास उचलून त्या गोल डागाकडं बोट दाखवून विचारलं, "हे भोक कितीचं पाडायचं?"

"मामा, तो चहा आहे."

"बरं झालं सांगितलं. पाडलं असतं." मग कागद उलटा-सुलटा करून म्हणाले, "मागं शॉकअप का नाय? पैसे संपले का?"

"अशीच असते ती. हार्डटेल."

"म्हणजे बसणाराच्या माकडहाडाचा शॉकअप."

खरं सांगायचं तर हार्डटेलची याहून नेमकी व्याख्या मी अजून वाचलेली नाही.

पाइप ऑनलाइन मागवले. पातळ पण चिवट स्टीलचे. मामांनी एक पाइप बोटावर तोलून धरला. "हे एवढं हलकं? आमच्या दुकानात याचं टॉवेल वाळवायचं स्टँड करतेत." गोल पाइपाला गोल पाइप बसवायचा तर एकाच्या टोकाला वाटीसारखा घास कापावा लागतो. ते घास मी कापले. कानशीनं, रविवारमागून रविवार. हाताला फोड आले तेव्हा कंपनीत कुणी विचारावं म्हणून मी हात मुद्दाम दिसतील असे धरत होते. कुणी विचारलं नाही.

मामांचं आणि माझं भांडण झालं ते फ्रेमच्या मागच्या त्रिकोणावरून, म्हणजे मागचं चाक जिथं बसतं त्या भागावरून. चाक लावून बघितलं तर डावीकडं घासत होतं.

"एक सूत इकडं-तिकडं चालतं," मामा म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्याकडचे सगळे फॅब्रिकेशनवाले त्यातच मोजतात.

"मामा, सुतावर सायकल चालत नाही. चाक डावीकडं घासतंय."

"मग तू उजवीकडं सरकून बस."

मी पर्समधून लाल स्टिकर काढला आणि मामांच्या वेल्डिंगवर चिकटवला. सवयीनं. दुकानातल्या कारागिरांनी तो वाचला. त्यांच्यातला एक हसला. मामांनी मशीन बंद केलं आणि जेवायला निघून गेले. ते परत आले नाहीत. मग आईनं भावाला पुरणपोळीचा डबा पाठवला, निरोपासह: "शिकलेली हाय, तिला कळत नाय." तेव्हा कुठं त्रिकोण कापून परत जोडला गेला. स्टिकर मात्र मामांनी काढला नाही. भिंतीवर, देवाच्या फोटोखाली लावून ठेवला.

इथवर घरात अप्पांना पत्ता नव्हता. खोकी यायची, त्यांना वाटायचं कंपनीचा माल. एके दिवशी ते मामांकडं गेले आणि छताला टांगलेली फ्रेम बघून आले. संध्याकाळी मी जेवायला बसले तेव्हा समोर बसून विचारलं,

"ते काय टांगलंय?"

"माउंटन बाईक आहे अप्पा."

"पायडल हाय का तिला?"

"आहे."

"मग सायकल हाय."

ते उठले. त्यानंतर काही दिवस आमचं बोलणं आईमार्फत चाललं. "तिला म्हणावं, आमी उन्हातान्हात मारलं ते पायडल कुणासाठी मारलं?" मी ताटात बघून म्हणायचे, "त्यांना सांग, हौस म्हणून चालवणं वेगळं." "तिला म्हणावं, गल्लीला काय म्हाईत हौस हाय का गरज हाय? लोकं म्हणतील, पोरीची नोकरी गेली." आई दोघांना भाकरी वाढत होती आणि आमच्यातलं एकही वाक्य पुढं पोचवत नव्हती. दोघंही एकाच पंगतीला बसलेलो असताना ती पोचवणार तरी कुठं?

मला राग आला होता. पण एक गोष्ट मला कळत होती. आमचं घर वर आलं याचा अप्पांकडं एकच पुरावा होता, तो म्हणजे आमच्या दारात सायकल नसणं. आणि मी नेमकी तीच दारात आणून उभी करणार होते.

तोड निघाली ती समोरच्या काकांमुळं. समोरचे काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या घरात शिक्षण इतकं जुनं की त्यावर धूळ बसलेली. एका सकाळी गेटापाशी येऊन त्यांनी गोड आवाजात विचारलं, "अप्पा, कन्या सायकल बनवते आहे म्हणे? तुम्ही तर म्हणाला होतात..."

"सायकल नाय," अप्पा म्हणाले. "गाडी हाय. टेस्टिंगची."

"अस्सं. आमच्या जावयाकडे आहे हो तसली. बंगळुरूला. कारच्या मागे अडकवून नेतात डोंगरापर्यंत."

"कारमागं? मग चालवतेत कवा?"

"रविवारी. डोंगरावर गेलं की खाली काढतात. परत कारला लावतात."

अप्पा त्या दिवशी बराच वेळ ओट्यावर विचार करत बसले होते. ज्या वस्तूवरून उतरायला त्यांना अख्खी उमर लागली, तीच वस्तू काकांच्या जावयाला कारनं फिरवावी लागते, हे गणित त्यांना सुटत नव्हतं. पण त्यातून निघालं ते एवढंच, की आमच्या घरी सायकल नव्हे तर गाडी येणार, असं गल्लीत पक्कं झालं. मग अप्पांच्या सूचना सुरू झाल्या, थेट मला. "स्टँड कुठाय?" नसतो अप्पा. "कॅरेज?" नसतं. "चिखलाचं पान?" मडगार्डही नसतं. "घंटी?" मी मान हलवली. "अरारा. मग हाय काय तिला? लोकं म्हणतील, अर्धीच आणली."

आणि गाडी म्हटल्यावर पूजा आलीच.

मी नको म्हटलं असतं. पण इतक्या दिवसांनी अप्पा माझ्याशी बोलत होते. रविवारी सकाळी मामांच्या टेम्पोतून सायकल गल्लीत आली. काळ्या रंगाची, बारकी, टेम्पोतून उतरताना मलाच ती इतकी सुंदर दिसली की मी चपला घालायचं विसरून रस्त्यावर गेले. अप्पांनी गल्लीला आमंत्रण दिलेलं होतं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पोहे, झेंडूचा हार. हार हँडलला घातला. मामांनी चाकाखाली लिंबू ठेवलं.

चारचाकीखाली लिंबू फुटतं. सायकलखाली फुटत नाही, हे त्या दिवशी सगळ्या गल्लीला कळलं. मी ढकलली, लिंबू घरंगळून काकांच्या गेटाखाली गेलं. परत आणलं. परत घरंगळलं. मामांनी स्वतःचा सगळा भार हँडलवर टाकला तर पुढचा शॉकअप आत गेला, मामा आत गेले आणि लिंबू तसंच. "शॉकअप चांगला हाय," मामा वाकल्या वाकल्या म्हणाले. शेवटी अप्पांनी इकडं-तिकडं बघून ते टाचेनं फोडलं.

मग नारळ. मग आईची पूजा. तेवढ्यात काका मला विचारत होते, "ही पुढची नळी अशी तिरपी का बरं?" मला त्याहून चांगला प्रश्न आजवर कुणी विचारलेला नव्हता. मी त्यांना कोन, वजन, उतार, सगळं समजावून सांगू लागले. हात हलवून, गल्लीकडं तोंड करून, सायकलकडं पाठ करून. लोक ऐकत होते. अप्पा माझ्याकडं बघत होते. असे क्षण पुन्हा येत नाहीत, म्हणून मी जरा लांबवलं.

इकडं आईला सायकलवर कुंकू कुठं लावावं ते सापडत नव्हतं. फ्रेम काळी, हँडलला रबर. तिला मधोमध लखलखणारी चकती दिसली. पुढच्या चाकाला एक, मागच्या चाकाला एक. चक्रासारखी. त्यावर कोरडं कुंकू टिकेना, म्हणून तिनं निरांजनातलं तेल घेतलं, हळदी-कुंकू त्यात कालवलं आणि दोन्ही चकत्यांवर मन लावून स्वस्तिक काढलं.

मी वळून बघितलं तेव्हा ती ओवाळत होती. चकत्यांवर माझं लक्षच गेलं नाही. मी हार बघितला, आईचा चेहरा बघितला, आणि मोबाइलवर फोटो काढणाऱ्या शेजारणीकडं बघून हसले.

दौलताबादच्या अलीकडं एक टेकडी आहे. वर देवीचं ठाणं, वर जायला कच्चा रस्ता, आणि दुसऱ्या अंगानं शेतांत उतरणारी पायवाट. तिथं टेस्टिंग ठरलं. मी सायकलवर पुढं, मागून मोपेडवर अप्पा, आणि अप्पांच्या मागं पोह्यांचा डबा धरून मामा. गल्ली संपेपर्यंत हार काढायचा नाही, अशी ताकीद होती. पुढं काढायला मीच विसरले.

रस्त्यात ब्रेक दाबला तर किंचाळला आणि फारसा लागला नाही. मी घाबरले नाही. नवे पॅड बसायला वेळ घेतात, सुरुवातीला ब्रेक मऊ असतात, हे मी वाचलेलं होतं. शिकलेल्या माणसाला प्रत्येक धोक्याचं कारण आधीच माहीत असतं, त्यामुळं तो निवांत त्यात जातो.

पण चढ! मी खोटं बोलणार नाही. तो चढ मी बसल्या बसल्या चढले. सायकल माझ्या मापाची होती. गुडघा जिथं यायला हवा तिथं येत होता, हात जिथं पडायला हवा तिथं पडत होता. मागचं चाक एक सूतही घासत नव्हतं.

वर रविवारची मंडळी आधीच आलेली. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, डोक्याला हेल्मेट, कारच्या मागं सायकलीचे स्टँड. फोटो चालले होते. माझी हार घातलेली सायकल बघून त्यांच्यातले एकजण पुढं आले. डॉक्टर असावेत, गुडघ्यांकडं बघत बोलायची सवय होती.

"कुठल्या कंपनीची?"

"घरची," मी म्हटलं.

"कस्टम? वा! हँडमेड स्टील!" त्यांनी बाकीच्यांना बोलावलं. मामा पुढं होऊन जोड दाखवायला लागले. अप्पा मोपेडला टेकून उभे होते. डॉक्टरांनी त्यांनाही आपल्यात ओढलं. "काका, तुम्हीपण चालवता का सायकल?"

"चालवायचो. आता सोडली."

"का? गुडघ्यांचा प्रॉब्लेम?"

"नाय," अप्पा म्हणाले. "पोरगी पास झाली."

डॉक्टर नम्रपणे हसले, जसं न कळलेल्या विनोदाला हसतात. मग म्हणाले, "परत सुरू करा हो. हृदयाला चांगली."  मी हेल्मेटचा पट्टा आवळत राहिले. तो आधीच आवळलेला होता.

मग मी उतारावर सायकल सोडली.

पहिलं वळण छान गेलं. दुसऱ्या वळणाआधी ब्रेक दाबला. दोन्ही. सायकलनं ते मनावर घेतलं नाही. परत दाबला, मुठी हँडलला टेकेपर्यंत. चाकांतून एक लांब रडका आवाज आला आणि वेग वाढला. मागून, वरून, मामांचा आवाज: "ब्रेक मार! अगं ब्रेक मार!"

"मारलाय!"

"मग थांब की!"

या संवादात मी आणखी काही घालू शकले नाही. पुढं दगड आले, शॉकअपनं ते गिळले. मागून आले ते माझ्या माकडहाडानं. झेंडूच्या पाकळ्या तोंडावर येत होत्या. पायवाट जिथं संपते तिथं एका बाईचं कांद्याचं वावर होतं, नुकतंच पाणी दिलेलं. सायकल बांध ओलांडून वाफ्यात घुसली, टायर चिखलात बसले आणि ती अशी गपकन थांबली की मी एकटीच पुढं गेले.

शेतकरीण खुरपं घेऊन धावत आली. "आंधळी हाईस का गं? रोपं हायेत का दगडं?" मग तिला हार दिसला. चाकांवरचं हळदी-कुंकू दिसलं. तिनं वर टेकडीकडं बघितलं, आवाज एकदम खाली आणला. "देवीला चालली व्हतीस का माय? नवस हाय?"

"देवीकडनं येताना," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

"मंग असू दे." तिनं मला काखेत धरून उठवलं. पाऊल टेकवलं आणि घोट्यातून कळ आली.

तोवर अप्पा आणि मामा पायवाटेनं खाली पोचले. मामा आधी माझ्याकडं नाही, सायकलकडं गेले. चिखल पुसून एकेक जोड बघितला. उभे राहिले. "वेल्डिंगला काय झालंय का? लाव आता स्टिकर." मग चकतीवरून बोट फिरवलं, बोटाला बोट घासलं, वास घेतला. तुपा-तेलाच्या निरांजनाचा वास लपत नाही. त्यांनी ते लाल बोट अप्पांना दाखवलं. अप्पांनी मला. मी डोळे मिटले. माझ्यासारख्या बाईच्या हाताखालून, ब्रेकच्या क्वालिटीतून हे सुटलं!

"आईला सांगायचं नाय," अप्पा म्हणाले.

"नाय," मामा म्हणाले.

"नाय," मी म्हटलं.

रविवारची मंडळी गाड्या घेऊन खालच्या रस्त्याला आली होती. डॉक्टरांनी घोटा बघितला, मोडलेलं नाही म्हणाले. सायकल आमच्या कारच्या स्टँडला लावू, घरी सोडू, म्हणाले. फार चांगला माणूस. मलाही वाटलं, लावावी. गल्लीत कारच्या मागं सायकल येईल, काका बघतील, जावयासारखं. अप्पांची इज्जत राहील.

अप्पा त्या स्टँडकडं बघत राहिले. "गाडीवर सायकल लादून न्यायची?" ते हळू म्हणाले. "चांगली चालायली की ती."

सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी तिला सायकल म्हटलं होतं.

"अप्पा, ब्रेक नाहीत तिला."

"माझ्या सायकलला कवा होते?"

मामांना सायकल येत नाही. मला पाऊल टेकवेना. म्हणून मामांनी मोपेड घेतली, मी मागं बसले. निघता निघता मी मागं बघितलं. अप्पांनी खिशातून रुमाल काढला होता आणि उजव्या पायाची पँट घोट्यापाशी गुंडाळून बांधत होते, चेनमध्ये जाऊ नये म्हणून. ती गाठ मी लहानपणी रोज बघायचे.

आम्ही आधी पोचलो. गल्लीत पोह्यांच्या बशा अजून तशाच होत्या, खुर्च्या तशाच. आईनं माझा चिखल बघून तोंडावर हात ठेवला. मामांनी सांगितलं, घोटा मुरगळला, वाफा निसरडा होता. काका गेटापाशी उभे होते. "आणि गाडी? अप्पा कुठे आहेत?"

"येतेत," मामा म्हणाले.

मी ओट्यावर पाय लांब करून बसले आणि गल्लीच्या तोंडाकडं बघत राहिले. उतरतील, मी मनात म्हणत होते. तोंडाशी उतरतील आणि हातात धरून आणतील. हातात धरून आणली तर चालवली असं कुणी म्हणणार नाही, शब्द राहील. मी काकांकडं बघितलं. ते पण तिकडंच बघत होते.

अप्पा वळले. बसलेलेच होते. अंगावर पांढरा शर्ट, पोटरीपर्यंत चिखल, हँडलला उरलासुरला झेंडू. सायकल माझ्या मापाची, म्हणून गुडघे पार कोपरापर्यंत येत होते. घंटी नव्हती, तर तोंडानं "हां, हां, बाजूला, बाजूला" करत ते आले. खुर्च्या सरकल्या. कुणाची तरी बशी सांडली.

"काय हो अप्पा!" काका म्हणाले. "पुन्हा पायडल?"

"ब्रेक नाय हिला!" अप्पा ओरडले. "थांबंना गेली, काय करू!" आणि आमच्या दारावरून, आईच्या, काकांच्या, सगळ्यांच्या पुढून वर गेले. शेवटच्या घरापर्यंत गेले. वळले, पाय घासत खाली आले, गल्लीच्या तोंडाशी वळसा घेतला, आणि पुन्हा वर यायला लागले.

"खरंच ब्रेक नाहीत वाटतं," काका मला म्हणाले.

मी मान हलवली. आमच्या गल्लीला चढ आहे. त्या चढावर सायकल थांबवायला ब्रेक लागत नाही. पायडल मारायचं सोडलं की ती आपोआप थांबते.